बांधावरचे सभासद आणि बांधाखालची माणसे



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका खेड्यातील चार गृहस्थ मजकडे सल्ल्यासाठी आले. त्यांची वस्ती गावतलावाच्या बांधाखाली आहे. बांध जुना, पायथ्याशी पाणी झिरपू लागलेले, आणि तेही गढूळ. तलावाची व्यवस्था पाहणारी एक संस्था गावात आहे. तिच्या सभेला हे चौघे तक्रार घेऊन गेले. त्यांना सांगण्यात आले की, तुमची जमीन या तलावावर भिजत नाही, तुम्ही सभासद नाही, सबब तुमचा अर्ज सभेपुढे ठेवता येत नाही. ही हकीकत सांगून त्यांतील वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, "वकीलसाहेब, आमची जमीन भिजत नाही हे खरे. पण बांध फुटला तर आम्ही भिजणार की नाही?"

हा प्रश्न त्या वृद्धाचा एकट्याचा नाही. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांची घरे गावाच्या उताराच्या अंगाला, ओढ्याच्या काठाला, सांडव्याच्या वाटेवर आहेत. ती तेथे आपण हौसेने बांधलेली नाहीत. गावाने आपल्या पूर्वजांना जी जागा दाखविली तेथे ती उभी राहिली. आपण धम्म स्वीकारला, मन बदलले. घराची जागा मात्र तीच राहिली. पाणी उताराकडे धावते. ते कोणाचा धर्म विचारीत नाही. म्हणून त्या पाण्याला अडवून धरणारा बांध कोण सांभाळतो, कोणाच्या पैशाने सांभाळतो, आणि त्याने कुचराई केली तर त्याला जाब विचारण्याचा अधिकार कोणाला आहे, हे समजून घेणे आपल्याला अगत्याचे आहे.

माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. जो बांधाखाली राहतो त्याला बांधाच्या कारभारात मत असले पाहिजे. ज्यांची जमीन पाण्यावर भिजते, किंवा ज्यांचे बंगले पाण्याच्या काठी आहेत, तेवढ्यांच्याच संस्थेच्या हाती बांध सोपविणे म्हणजे एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याचा जीव तारण ठेवणे होय. ती संस्था कितीही सज्जनांची असो, कितीही निःस्वार्थी असो, तिच्या सज्जनपणावर आपल्या मुलाबाळांचे प्राण अवलंबून राहता कामा नयेत. या म्हणण्याला मी दूरदेशीचा पुरावा देणार आहे. तो मुद्दाम दूरचा घेतो, कारण घरचा दाखला दिला की गावची माणसे म्हणतात, "हे तुमचे नेहमीचे रडगाणे." पुरावा अमेरिकेचा आहे, तेथे आपले गावकूस नाही, पण बांध आहे, बांधावरचे सभासद आहेत आणि बांधाखालची माणसेही आहेत.

पेनसिल्व्हानिया राज्यात जॉन्सटाऊन नावाचे लोखंड-पोलादाचे शहर आहे. त्याच्या वर सुमारे १४ मैलांवर साऊथ फोर्कचे मातीचे धरण होते. उंची ७२ फूट. कालव्यातील बोटींना पाणी पुरविण्यासाठी राज्यसरकारने ते बांधावयास घेतले आणि १८५३ च्या सुमारास पुरे केले. तोवर आगगाडी आली होती. कालवा निरुपयोगी झाला आणि धरण पोरके झाले. १८५७ साली ते रेल्वे कंपनीने घेतले, १८६२ साली त्याचा एक भाग फुटला, आणि पुढे ते तसेच पडून राहिले. १८७५ साली ज्या गृहस्थाने ते विकत घेतले त्याने धरणाच्या तळाशी असलेले पाणी सोडण्याचे बिडाचे नळ उपटून भंगारात विकले. हा नळांचा तपशील ध्यानात ठेवावा.

१८७९ साली ते धरण एका मंडळाच्या हाती आले. मंडळाचे नाव होते 'साऊथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब'. सभासद पिट्सबर्गचे बडे लोक. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन ही त्यांतील नावे जगाला ठाऊक आहेत. उन्हाळ्यात सरोवरकाठी राहावे, होड्या वल्हवाव्या, मासे धरावे, एवढाच मंडळाचा हेतू. या मंडळाने फुटलेले भगदाड माती, दगड, झाडोरा आणि गवत घालून बुजविले. नळ पुन्हा बसविले नाहीत. माथ्यावरून गाड्या जाव्यात म्हणून माथा काही फुटांनी खाली उतरविला. पैसे देऊन आणून सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या.

खाली जॉन्सटाऊनला जो मोठा लोखंडाचा कारखाना होता त्याचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांना हे धोक्याचे वाटले. त्यांनी १८८० साली जॉन फुल्टन या तज्ज्ञाला पाहणीस पाठविले. फुल्टन यांनी दोन दोष स्पष्ट लिहिले: पाणी सोडावयास नळ नाहीत, आणि दुरुस्ती कच्ची असून गळती चालू आहे. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चाचा वाटा उचलण्याचीही तयारी दाखविली. क्लबच्या प्रमुखाचे उत्तर असे की, तुम्हाला व तुमच्या माणसांना आमच्या उद्योगापासून काडीचेही भय नाही. वाटा नाकारला गेला, फुल्टन यांचा अहवाल गुंडाळून ठेवण्यात आला.

वाचकहो, येथे थोडे थांबा. मॉरेल हा काही दुबळा माणूस नव्हता. तो हजारो कामगारांच्या कारखान्याचा प्रमुख होता. तरीही त्याला उत्तर मिळाले ते 'काळजी करू नका' एवढेच. पुढे त्याने स्वतःच क्लबचे सभासदत्व घेतले. आत शिरल्यावाचून आपले कोणी ऐकणार नाही, हे त्याने ओळखले असावे. पण पैशाने सभासदत्व विकत घेणे त्याला शक्य होते. दरीतील लोहाराला, गवंड्याला, भट्टीवरच्या मजुराला ते शक्य नव्हते. मॉरेल १८८५ साली वारला आणि त्याच्याबरोबर दरीतील माणसांची ती एक वाटही बंद झाली.

मग आला ३१ मे १८८९ चा दिवस. आदल्या रात्रीपासून मुसळधार पाऊस. सकाळी सरोवराचे पाणी तासागणिक चढू लागले. क्लबच्या अध्यक्षाने मजूर लावून माथ्यावर मातीचा वरंबा चढविण्याचा व बाजूने दुसरा सांडवा खोदण्याचा प्रयत्न केला. सांडव्याच्या जाळ्या काटक्या-कचऱ्याने तुंबल्या होत्या. तळाशी पाणी सोडावयास नळ नव्हते. चौदा वर्षांपूर्वी भंगारात विकलेल्या त्या नळांची किंमत त्या दिवशी कळली. खाली निरोप गेले, तारा गेल्या. पण 'धरण फुटणार' ही हूल वर्षानुवर्षे उठत आलेली, त्यामुळे बहुतेक लोक घरातून हलले नाहीत. दुपारी तीनच्या सुमारास बांध गेला. सुमारे दोन कोटी टन पाणी दरीतून सुटले आणि तासाभरात जॉन्सटाऊनवर आदळले. २,२०९ माणसे मेली. ९९ कुटुंबे समूळ नाहीशी झाली. साडेसातशेहून अधिक प्रेतांची ओळखसुद्धा पटली नाही.

आता कायद्याने काय केले ते पाहा. क्लबवर दावे लागले. क्लबच्या बाजूने उभे राहिलेले नॉक्स आणि रीड हे वकील स्वतःच क्लबचे सभासद होते. त्यांतील नॉक्स पुढे अमेरिकेचा ॲटर्नी जनरल आणि नंतर परराष्ट्रमंत्री झाला. बचावाचे म्हणणे असे की, एवढा पाऊस ही ईश्वराची करणी. माणसावर तिचा दोष येत नाही. शेवटी क्लबकडून नुकसानभरपाईचा एक डॉलरही कोणाच्या पदरी पडला नाही. काही सभासदांनी मदतनिधीला देणग्या दिल्या. कार्नेगीने शहराला वाचनालयाची नवी इमारत बांधून दिली. त्याच इमारतीत आज त्या महापुराचे संग्रहालय आहे. म्हणजे जॉन्सटाऊनला दान मिळाले, न्याय मिळाला नाही. दान देणारा आपली थैली आपल्या मर्जीने सोडतो आणि हात जोडून घेतो. भरपाई देणारा कायद्याच्या आज्ञेने देतो आणि आपली चूक मान्य करतो. या दोहोंतील अंतर आपल्याइतके दुसऱ्या कोणाला समजणार?

'ईश्वराची करणी' हा शब्दप्रयोग इंग्रजी कायद्यातून आपल्याकडेही आला आहे. ज्यांनी ईश्वरच मानावयाचे सोडले त्यांनी तरी हा शब्द निमूटपणे ऐकून घेऊ नये. पाऊस ढगातून पडला हे खरे. परंतु नळ ढगाने उपटले नाहीत, माथा ढगाने उतरविला नाही, जाळ्या ढगाने लावल्या नाहीत. कार्याला कारण असते. बांध फुटण्यालाही असते, आणि बहुधा त्या कारणाला नावगाव असते. अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात मत दिले की, बांध मूळच्या उंचीचा असता तरी फुटलाच असता. अलीकडे पेनसिल्व्हानियातील भूशास्त्रज्ञांनी ते गणित पुन्हा मांडले आणि दाखविले की, माथा उतरविल्यामुळे पुराचे पाणी सुखरूप वाहून नेण्याची बांधाची शक्ती फार मोठ्या प्रमाणात घटली होती. शंभरांहून अधिक वर्षांनी सत्य बाहेर आले तरी मेलेल्यांच्या वारसांना त्याचा काय उपयोग?

दुसरी पळवाट संस्थेची. कायद्याच्या दृष्टीने क्लब हा एक स्वतंत्र माणूस. सभासदांच्या तिजोऱ्या भरलेल्या, पण क्लबच्या नावावर सरोवर, घरे आणि थोडेसे भांडवल. सरोवर तर वाहूनच गेले! दावा जिंकला असता तरी वसूल काय करावयाचे? म्हणून बांध सांभाळणारी कोणतीही संस्था असो, तिला विचारावयाचा पहिला प्रश्न 'तुमची भावना काय?' हा नसून 'तुमचा विमा काय, तुमचा निधी काय?' हा असला पाहिजे.

या दुर्घटनेपूर्वीच इंग्लंडात एक तत्त्व प्रस्थापित झाले होते. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरविले की, जो आपल्या सोयीसाठी आपल्या जागेत पाण्यासारखी धोक्याची वस्तू साठवितो, ती सुटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर हयगय सिद्ध झाली नाही तरी तो जबाबदार. तो खटलाही गिरणीच्या तळ्यामुळे शेजाऱ्याची कोळशाची खाण बुडाल्याचाच होता. जॉन्सटाऊननंतर अमेरिकेच्या अनेक राज्यांतील न्यायालये या तत्त्वाकडे वळली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या अखेरीस, दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात, घातक उद्योगांपुरते आणखी पुढे जाऊन सांगितले की, अशा उद्योगाला कोणताही अपवाद, ईश्वराचासुद्धा, पुढे करता येणार नाही. ते तत्त्व गावच्या बांधाला लावून घेणे हे काम मात्र अद्याप आपल्या वकिलांपुढे आहे.

येथे कोणी हरकत घेईल की, ही तर कोट्यधीशांची गोष्ट झाली. साधी माणसे स्वतःच्या श्रमाने बांध सांभाळीत असतील तर त्यांच्यावर संशय का घ्यावा? हरकत योग्य आहे आणि तिचे उत्तर दिले पाहिजे.

अमेरिकेत आज नव्वद हजारांहून अधिक धरणे सरकारी यादीत आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक खाजगी मालकीची असून त्यांचे सरासरी वय साठ वर्षांच्या पुढे गेले आहे. त्यांतील अनेक लहान धरणे सरोवरकाठच्या रहिवाशांच्या स्वयंसेवी मंडळांकडे आहेत. निवृत्त शिक्षक, कारागीर, दुकानदार सुटीच्या दिवशी एकत्र येतात, बांधावरची रोपटी कापतात, घुशींसारख्या प्राण्यांची बिळे बुजवितात, सांडव्यात अडकलेले ओंडके काढतात. हे काम हलके लेखू नये. बांधावर वाढलेले झाड मेले की त्याची मुळे कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी भरावात पुरलेला लोखंडी पत्र्याचा नळ गंजतो आणि भोवतालची माती आत ओढू लागतो. जुना सांडवा जुन्या पावसाच्या हिशेबाने बांधलेला असतो. पाऊस त्या हिशेबाला बांधलेला नसतो. या सगळ्यावर नजर ठेवणाऱ्या स्वयंसेवकांविषयी माझ्या मनात आदर आहे. माझा प्रश्न त्यांच्या भावनेविषयी नाही. त्यांच्या शक्तीविषयी आणि त्यांच्या सभासद-यादीविषयी आहे.

मिशिगन राज्यातील एडनव्हिलचे उदाहरण घ्या. तेथे १९२० ते १९३० या दशकात विजेसाठी एका नदीखोऱ्यात चार धरणे बांधण्यात आली. पुढे ती एका खाजगी वीजकंपनीकडे आली. एडनव्हिलचा सांडवा मोठ्या पुराला अपुरा आहे, तो वाढवा, असे केंद्रीय नियामक वर्षानुवर्षे सांगत राहिला. कंपनीने वाढविला नाही. शेवटी सप्टेंबर २०१८ मध्ये परवाना रद्द झाला आणि देखरेख राज्याकडे गेली. अशा वेळी सरोवरकाठचे रहिवासी पुढे सरसावले. त्यांनी चार सरोवरांसाठी एक बिनफायदा मंडळ उभारले, दोन जिल्ह्यांच्या प्रशासनांनी त्याला अधिकार दिले, मे २०१९ मध्ये न्यायालयाने सरोवरांच्या पाण्याची कायदेशीर पातळी ठरवून दिली आणि धरणे विकत घेण्याचे ठरले. ताबा अद्याप मिळावयाचा होता. इतक्यात १९ मे २०२० रोजी, मोठ्या पावसानंतर, एडनव्हिलचा मातीचा बांध खचून वाहून गेला. पाणी माथ्यावरून गेलेलेही नव्हते. तज्ज्ञांच्या समितीने २०२२ साली कारण सांगितले: भरावातील सैल वाळू दाबाखाली अकस्मात द्रवासारखी वाहू लागली, मूळ बांधकामच ठरलेल्या नियमांप्रमाणे झाले नव्हते. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या बांधकामातील चूक पणतवंडांच्या काळात फळाला आली.

सुमारे दहा हजार लोकांना वेळीच हलविण्यात आले, म्हणून एकही प्राण गेला नाही. जॉन्सटाऊन आणि एडनव्हिल यांतील अंतर हेच. एका ठिकाणी सूचना घोड्यावरून आणि तारेने, शेवटच्या घटकेला, कोणाच्या तरी मर्जीने गेली. दुसऱ्या ठिकाणी लोकांना हलविणे हे सरकारी यंत्रणेचे नेमून दिलेले कर्तव्य होते. माणसे वाचली ती या कर्तव्यामुळे. मंडळाची सदिच्छा बांधाला धरून ठेवू शकली नाही. पुनर्बांधणीसाठी राज्याने २०२२ साली २० कोटी डॉलर दिले. उरलेला भार सरोवरकाठच्या मालमत्तांवर खास आकारणी करून घालण्याचे ठरले, आणि त्याविरुद्ध कित्येक मालक न्यायालयात गेले. ज्यांना सरोवर हवे त्यांनाही त्याची पुरी किंमत जड झाली!

येथे एक गोष्ट उघड होते. काठावर ज्याचे घर आहे त्याला सरोवर काठोकाठ भरलेले हवे असते. त्याची होडी तरंगली पाहिजे, त्याच्या घराची किंमत टिकली पाहिजे. खाली ज्याचे घर आहे त्याला पावसाळ्याच्या तोंडावर ते उतरलेले हवे असते. यात कोणी दुष्ट नाही. हितसंबंधच दोन आहेत. आणि ज्या सभेत दोन हितसंबंधांपैकी एकच बसलेला आहे, तिचा ठराव कितीही प्रामाणिक असला तरी एकतर्फीच असणार. स्वयंसेवकही माणूसच आहे. त्याला स्वतःच्या दारातले पाणी दिसते, दुसऱ्याच्या दारातले दिसत नाही.

आता घरी परत येऊ. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील सुमारे वीस माणसे गेली. ते धरण शंभर वर्षांचे नव्हते. वीस वर्षांच्या आसपासचे होते. बांध म्हातारा होण्यास शतक लागत नाही, दुर्लक्ष पुरते. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. आणि तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी कारण काय सांगितले? खेकड्यांनी बांध पोखरला! पेनसिल्व्हानियात ईश्वर, कोकणात खेकडा. दोघांवरही समन्स बजावता येत नाही, हा त्यांचा मोठाच गुण!

कायदे नाहीत असे नव्हे. संसदेने २०२१ साली धरण सुरक्षा अधिनियम केला. त्याने धरणाच्या मालकावर पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणीचे, आपत्कालीन कृती आराखडा तयार करण्याचे बंधन घातले. परंतु हा अधिनियम १५ मीटरहून उंच धरणांना, आणि काही अटी पुऱ्या करणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. ज्या गावतलावाखाली आपली वस्ती आहे त्याचा बांध बहुधा त्याहून ठेंगणा. म्हणजे मोठ्या बांधाखाली मरणाऱ्यासाठी कायदा, लहान बांधाखाली मरणाऱ्यासाठी पंचनामा! आणि मोठ्या बांधाच्या बाबतीतसुद्धा बुडालेल्यांना भरपाई कोणी व किती द्यावी याची तरतूद त्या अधिनियमात नाही.

दुसरा कायदा आपल्या राज्याचा, सिंचनाची व्यवस्था शेतकऱ्यांच्या हाती देणारा, २००५ सालचा. त्याअन्वये पाणीवापर संस्था स्थापन होतात आणि लाभक्षेत्रातील जमीनधारक व भोगवटादार तिचे सभासद होतात. लोकांच्या हाती कारभार द्यावा हा त्यातील हेतू चांगला आहे. पण 'लोक' म्हणजे कोण? ज्याच्याकडे जमीन तो. भूमिहीनाचे नाव त्या यादीत येत नाही. माझ्याकडे आलेल्या त्या चौघांना सभेबाहेर ठेवणाऱ्यांनी कायदा मोडला नव्हता. कायद्याच्या मागे उभे राहूनच त्यांना बाहेर ठेवले होते. म्हणून माझा रोख त्या गावच्या कोणा पाटलावर नाही. ज्या व्याख्येत जमिनीला मत आहे आणि जिवाला नाही, त्या व्याख्येवर आहे.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाणी घेण्याचा हक्क बजावण्यात आला. तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ पासून कागदावर होताच. पण बजावल्यावाचून तो निर्जीव होता, आणि न्यायालयातील त्याचा लढा थेट १९३७ पर्यंत चालला. त्या पिढीने पाण्यापर्यंत जाण्याचा हक्क मिळविला. आपल्या पिढीला पाण्यापासून सुरक्षित राहण्याचा हक्क मिळवावयाचा आहे. दोन्ही हक्क एकाच जातकुळीचे: पाण्याच्या कारभारात आम्हीही माणसे म्हणून मोजले गेलो पाहिजे.

मग आपण काय मागावे? पहिले, कोणत्याही बांधाची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेत बांधाखालच्या प्रत्येक वस्तीला मताधिकारासह प्रतिनिधित्व. निमंत्रित म्हणून दाराशी बसविणे नव्हे. दुसरे, लहान बांधांनाही वर्षातून दोनदा सक्तीची तपासणी आणि तिचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर. तिसरे, दुरुस्तीचा राखीव निधी सार्वजनिक तिजोरीतून. कारण वर्गणीवर बागा राखता येतात, बांध राखता येत नाहीत. चौथे, सूचना देण्याची आखलेली व्यवस्था: रात्री दोन वाजता भोंगा कोण वाजवील आणि म्हातारीला कोण उचलील, हे आधीच लिहिलेले असावे. पाचवे, भरपाईचा निश्चित हक्क, ज्याला ईश्वर किंवा खेकडा आड येणार नाही.

आणि मागणी मान्य होईपर्यंत स्वस्थ बसावयाचे काय? मुळीच नाही. या आठवड्यातच वस्तीतील दोघा-चौघांनी बांधाच्या पायथ्याने फिरून यावे. स्वच्छ झिरप दिसली तर तिची जागा लिहून ठेवावी. गढूळ झिरप दिसली तर तोच दिवस तक्रारीचा समजावा, कारण गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून चालली आहे. सांडव्यात झुडपे, माथ्यावर घळ, उतारावर भेग यांची तारखेसह नोंद ठेवावी, छायाचित्रे काढावीत. माहिती अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमाखाली दोनच प्रश्न विचारावेत: या बांधाचा मालक कोण, आणि शेवटची तपासणी केव्हा झाली? सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ग्रामसभेला जमीन लागत नाही, गावच्या मतदारयादीत नाव असले म्हणजे पुरे. तेथे उठून ठराव मांडावा आणि तो इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नये. उद्या न्यायालयात 'आम्हाला ठाऊक नव्हते' असे कोणी म्हटले तर आपल्या हातात तो कागद असला पाहिजे. फुल्टन यांच्या अहवालाइतके बोलके साक्षीदार थोडेच असतात. पण त्या अहवालामागे मताचा अधिकार नव्हता, म्हणून तो दप्तरात कुजला.

सज्जनांच्या श्रमदानाला आपण नमस्कार करू. बोलावले तर कुदळ-फावडे घेऊन त्यांच्या बरोबरीने बांधावर उभेही राहू. मात्र उभे राहू ते सभासद म्हणून. मी त्या वृद्धाला त्या दिवशी हेच सांगितले: "बाबा, भिजणार तुम्ही, म्हणून मतही तुमचेच पहिले." ग्रामसभेपुढे मांडावयाचा ठराव आम्ही त्याच बैठकीत लिहून काढला. त्यांनी त्यावर अंगठा उठविला नाही. रात्रीच्या शाळेत शिकलेल्या अक्षरांनी सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.